मुलांना गोष्टीचे घटक पाठ आहेत, पण गोष्ट उलगडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमाची नववी, वर्गात पन्नासच्या वर मुलं. सेटिंग (स्थळ-काळ), कॅरेक्टर (पात्र), प्लॉट (कथानक), कॉन्फ्लिक्ट (संघर्ष) आणि थीम (आशय) या पाचही संज्ञांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ. चाचणीत व्याख्या विचारली की पैकीच्या पैकी गुण. पण न शिकवलेली गोष्ट पुढ्यात ठेवून ‘यातला संघर्ष कोणता?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. थीम विचारली तर कुठल्याही गोष्टीला ‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’ हेच उत्तर येतं. मग इंग्रजीच्या तासाला हे घटक शिकवायचे तरी कसे?

मी इंग्रजीच शिकवते, तेही मराठी माध्यमाच्याच मुलांना, त्यामुळे हा गप्प वर्ग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझं उत्तर आधी सांगते आणि मग सविस्तर लिहिते. गोष्टीतला प्रत्येक घटक काहीतरी काम करत असतो. ते काम मुलांना दिसलं की त्याचं नाव लक्षात ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आणि काम दिसण्याचा खात्रीचा रस्ता म्हणजे तो घटक बदलून बघणं. ‘हे बदललं तर गोष्ट कुठे मोडेल?’ हा एकच प्रश्न पाचही घटकांना लावा. व्याख्या अगदी शेवटी द्या, तीसुद्धा मुलांकडूनच काढून घ्या.

व्याख्या चुकीच्या असतात असं नाही. ‘गोष्ट जिथे आणि जेव्हा घडते ते सेटिंग’ हे बरोबरच आहे. पण ही व्याख्या मुलाला करायला काय सांगते? गावाचं नाव शोध, वेळ शोध आणि रकाना भर. मूल ‘न्यूयॉर्क, रात्र’ एवढं लिहितं आणि मोकळं होतं. रात्रच का, भर दुपार का नाही, हे व्याख्या विचारत नाही आणि म्हणून मूलही विचारत नाही. खरं शिकवणं तर तिथूनच सुरू होतं.

पहिला तास पाठ्यपुस्तक न उघडता घ्या आणि मराठीत घ्या. भोपळ्यातून येणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ती घरी नाहीतर अंगणवाडीत ऐकलेली असते. नववीतली मुलं आधी हसतात, ‘बाई, ही तर लहान पोरांची गोष्ट’ म्हणतात. हसू द्या, कारण गोष्ट माहीत असणं हेच इथे हवं आहे. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत जंगल लागतं, जंगलात कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, दोघांनाही तिला खायचं असतं. ती म्हणते, लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून, टुणूक टुणूक.

आता फळ्यावर एकही संज्ञा न लिहिता विचारा: लेकीचं घर पलीकडच्याच गल्लीत असतं तर? कुणीतरी लगेच म्हणेल, मग गोष्टच नाही. का नाही? वाटेत जंगल नाही म्हणून. जंगल नाही तर वाघ नाही, आणि वाघ नाही तर भोपळ्याची गरज नाही. स्थळ गोष्टीला अडचण पुरवतं, हे मुलांनी स्वतःच सांगितलं. पुढचा प्रश्न: म्हातारीच्या जागी धट्टाकट्टा तरुण असता तर? तो पळाला असता किंवा काठी घेऊन लढला असता. म्हणजे अंगात बळ नाही म्हणून तिला डोकं चालवावं लागलं, आणि ती डोकं चालवणारी आहे म्हणून भोपळा आला. पात्र कसं आहे यावर पुढे काय घडेल हे ठरतं. आणखी एक विचारा: म्हातारी लेकीकडेच कायमची राहिली असती तर? इथे वर्ग थोडा थांबतो. मग कुणीतरी म्हणतं की वाघ वाट बघत बसला असता आणि गोष्ट अर्धवट राहिली असती. म्हातारीला आपल्या घरी परत यायचं आहे. ही इच्छा काढून घेतली तर गोष्टीचा दुसरा अर्धा भागच नाहीसा होतो. इच्छा आणि तिच्या आड येणारी गोष्ट, ही दोन टोकं मुलांच्या हाती आली की संघर्ष शिकवून झाला.

एवढं बोलून झाल्यावर पाच इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहा आणि मुलांनाच जोड्या लावू द्या. जंगलाबद्दल बोललो ते यातलं काय? वाघाची भूक आणि म्हातारीची इच्छा यांच्यातली ओढाताण कुठे बसते? पाच मिनिटांत जोड्या लागतात. संज्ञा नवी असली तरी तिच्यामागची कल्पना आता नवी नसते.

‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोललेलं चालेल का’ ही शंका तुमच्या मनात येईल, आणि काही शाळांत वरिष्ठांकडूनही येते. माझं मत ठाम आहे: कल्पना समजेपर्यंत चालेल, चाललंच पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही वर्गातल्या अनेक भाषांकडे शिकवण्याचं साधन म्हणून बघायला सांगितलं आहे. मूल एकाच वेळी अनोळखी भाषा, अनोळखी गोष्ट आणि अनोळखी कल्पना अशी तिन्ही ओझी उचलू शकत नाही. पहिल्या दिवशी गोष्ट आणि भाषा ओळखीची ठेवली की सगळं बळ कल्पनेकडे लावता येतं. दुसऱ्या दिवशी कल्पना ओळखीची झालेली असते, मग भाषा बदलायची.

मुलं गप्प बसतात त्याचं एक मोठं कारणही इथेच आहे. त्यांना गोष्ट कळलेली असते, पुष्कळदा उत्तरही माहीत असतं. नसतं ते उत्तर देण्यापुरतं इंग्रजी. पुढे येणाऱ्या एका कथेबद्दल ‘पोलीस स्वतः त्याला पकडत नाही कारण तो त्याचा मित्र आहे’ हे वाक्य मनात तयार असलेलं मूलही ते इंग्रजीत उभं करता येत नाही म्हणून मान खाली घालतं, आणि आपण समजतो की त्याला संघर्ष कळला नाही. म्हणून प्रत्येक घटकासोबत एक वाक्याचा साचा द्या आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर पुसू नका. संघर्षासाठी ‘ही वॉन्टेड टू अमुक, बट तमुक, सो ढमुक’. स्थळ-काळासाठी ‘इफ इट वॉज नॉट अमुक, देन तमुक वुड नॉट हॅपन’. पात्रासाठी ‘आय थिंक ही इज अमुक बिकॉज ही तमुक’. थीमसाठी ‘द स्टोरी शोज दॅट’. चार साचे पुरे. सुरुवातीला मुलं रिकाम्या जागी मराठी शब्द घालतील: ‘शी वॉन्टेड टू गो टू हर लेक’. घालू द्या. वाक्याचा सांगाडा इंग्रजी आहे ना, मग शब्द मागाहून भरता येतात. व्याकरणाच्या चुका त्याच क्षणी दुरुस्त करू नका, तसं केलंत तर पुढचं मूल तोंड उघडणार नाही.

आता प्लॉट. आपल्या मुलांची गोष्ट सांगायची पद्धत आठवा: ‘मग तो गेला, मग त्यानं पाहिलं, मग तो घरी आला.’ इंग्रजीत तेच ‘देन, देन, देन’ होतं. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली कादंबरीवर दिलेल्या व्याख्यानांत हा फरक फार स्वच्छ मांडला आहे. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे झालं कथानक. घटना त्याच, क्रम तोच, पण दुसऱ्या वाक्यात कारण आलं. वर्गात याचा सरळ उपयोग होतो. मुलांना सांगा, गोष्ट पुन्हा सांगा, पण ‘मग’ वापरायचं नाही. दोन घटनांच्या मध्ये ‘म्हणून’, ‘कारण’ किंवा ‘पण’ यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे. आधी मराठीत करून घ्या, मग इंग्रजीत ‘सो’, ‘बिकॉज’, ‘बट’. जिथे ‘मग’शिवाय जोड लागत नाही, तिथे एकतर मुलाला कारण दिसलेलं नाही किंवा ती घटना कथानकाला फारशी गरजेची नाही. दोन्ही शक्यता वर्गात बोलण्यासारख्या आहेत. उभयान्वयी अव्ययांचा धडाही आपोआप होतो, त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

यापुढे एक खरी इंग्रजी कथा लागेल. मी ओ. हेन्री या अमेरिकन कथालेखकाची ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ सुचवते. ती १९०६ साली आलेल्या ‘द फोर मिलियन’ या त्याच्या संग्रहात आहे. लेखक १९१० साली वारला, त्यामुळे कथेवर स्वामित्वहक्काचं बंधन नाही आणि मुलांसाठी झेरॉक्स काढायला हरकत नाही. कथा छोटी आहे, दोन तासांत वाचून होते. मूळ भाषा नववीला जड जाते हे खरं. म्हणून वर्णनाची वाक्यं तुम्ही सोपी करून द्या, संवाद मात्र मूळचेच ठेवा. आणि मला ती आवडते याचं मुख्य कारण म्हणजे तिच्यात स्थळ-काळ अगदी उघडपणे काम करताना दिसतो.

कथा तुम्हाला माहीत असेल, तरी पुढचं बोलणं कळावं म्हणून सांगते. न्यूयॉर्कमध्ये रात्री दहाच्या सुमारास गस्तीवरचा एक पोलीस बंद दुकानांची दारं तपासत चालला आहे. गार वारा आहे, पावसाची चिन्हं आहेत, रस्ते ओस पडलेत. हार्डवेअरच्या एका अंधाऱ्या दुकानाच्या दारात बॉब नावाचा एक माणूस न पेटवलेला सिगार तोंडात धरून उभा आहे. तो पोलिसाला आपण होऊन सांगतो: वीस वर्षांपूर्वी याच जागी एक खानावळ होती, तिथे मी आणि माझा जिवलग मित्र जिमी वेल्स जेवलो आणि ठरवलं, की बरोबर वीस वर्षांनी याच वेळी इथेच भेटायचं, कुठूनही यावं लागलं तरी. बोलता बोलता तो काडी ओढून सिगार पेटवतो. उजेडात त्याचा चौकोनी जबड्याचा चेहरा, उजव्या भुवईजवळचा व्रण आणि टायपिनेतला मोठा हिरा दिसतो. पोलीस निघून जातो. थोड्या वेळानं लांब कोट घातलेला, कॉलर कानापर्यंत वर केलेला माणूस येतो, बॉबला मित्रासारखा भेटतो. दोघं हातात हात घालून चालू लागतात. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या विजेच्या झगझगीत उजेडात बॉबला कळतं की हा जिमी नाही. तो साध्या वेशातला पोलीस असतो, शिकागोच्या पोलिसांना बॉब हवा असतो आणि त्याला आधीच अटक झालेली असते. शेवटी बॉबच्या हाती एक चिठ्ठी येते. तो गस्तीवरचा पोलीसच जिमी होता. काडीच्या उजेडात शिकागोला हवा असलेला चेहरा त्यानं ओळखला, पण स्वतःच्या हातानं अटक करवेना, म्हणून त्यानं दुसऱ्याला पाठवलं.

आता प्रश्न टाका: ही भेट सकाळी दहाला ठरली असती तर? मुलांना दोन मिनिटं द्या, जोडीजोडीनं बोलू द्या. बॉबनं पोलिसाचा चेहरा नीट पाहिला असता, कदाचित मित्राला ओळखलं असतं. काडी पेटवली तरी तिच्या उजेडाला काही अर्थ उरला नसता. नकली जिमी दोन पावलंही चालू शकला नसता. या कथेत कुणाचा तरी चेहरा दाखवणारा उजेड दोनदाच येतो. एकदा काडीचा, तेव्हा जिमीला बॉब कळतो. एकदा दुकानाच्या दिव्यांचा, तेव्हा बॉबला नकली जिमी कळतो. मधला सगळा अंधार लेखकानं जपून ठेवला आहे. मुलांना पेन्सिल देऊन उताऱ्यात उजेडाचे आणि अंधाराचे शब्द अधोरेखित करायला सांगा. ‘डार्कन्ड’, ‘लाइट’, ‘मॅच’, ‘इलेक्ट्रिक लाइट्स’ सापडत जातात तसं त्यांना दिसतं की सेटिंग पहिल्या परिच्छेदात सांगून संपत नाही, कथाभर राबत असतं. त्यानंतर वारा आणि पाऊस काढून बघा. रस्ते गजबजले असते, दोघांना निवांत बोलता आलं नसतं, आणि कॉलर कानापर्यंत ओढायला नकली जिमीला कारणच उरलं नसतं. पाडून टाकलेल्या खानावळीकडेही लक्ष वेधा. भेटीची जागा तीच, पण तिथली इमारत पाच वर्षांपूर्वीच गेलेली. वीस वर्षांत काय झालं हे लेखकानं दोन मित्रांच्या आधी जागेतूनच सांगून टाकलं आहे. हे मात्र मुलांनी ओळखावं अशी अपेक्षा धरू नका, ते तुम्हीच दाखवायचं.

मुलं हमखास म्हणतात, ‘आज घडली असती तर फोन केला असता.’ हे उत्तर टाळू नका, ते काळाबद्दलचं अगदी योग्य उत्तर आहे. वीस वर्षं एकमेकांची खबर नसणं त्या काळात शक्य होतं, म्हणून ही कथा शक्य झाली.

प्लॉटसाठी याच कथेत उलटं चाला. शेवटच्या घटनेपासून सुरुवात करून ‘का?’ विचारत मागे जा. बॉब का पकडला गेला? जिमीनं दुसरा पोलीस पाठवला म्हणून. स्वतः का नाही पकडलं? मैत्रीमुळे हात धजला नाही. मग सोडून का नाही दिलं? तो पोलीस होता. ओळखलं कसं? काडी पेटली म्हणून. काडी का पेटली? सिगार पेटवायचा होता. बॉब तिथे का होता? वीस वर्षांपूर्वीच्या शब्दासाठी. फळ्याच्या तळापासून वर बाण काढत जा. सुरुवातीपासून शेवटाकडे सांगताना मुलं ‘देन’वर घसरतात, शेवटाकडून सुरुवातीकडे येताना ते शक्यच होत नाही, कारण प्रत्येक पायरीवर कारण द्यावंच लागतं.

इथे कथानकाच्या त्या त्रिकोणी आकृतीबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक मार्गदर्शकांत ती छापलेली असते: चढण, शिखर, उतरण. ती गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाची. त्यानं ती १८६३ साली नाटकाच्या रचनेवरच्या पुस्तकात मांडली, आणि तीही ग्रीक आणि शेक्सपिअरच्या नाटकांकडे बघून. पाच अंकांच्या नाटकावर बसवलेला साचा चार पानांच्या कथेवर तंतोतंत बसेलच असं नाही. ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’चं शिखर कुठे आहे? वाचकाला धक्का बसतो शेवटच्या चिठ्ठीत. पण गोष्टीचं वळण घडून गेलेलं असतं काडी पेटली तेव्हाच, आणि ते आपल्याला दिसलेलंही नसतं. घटना घडल्याचा क्रम वेगळा आणि सांगितल्याचा क्रम वेगळा. वर्गाला हे दोन क्रम दोन ओळींत लिहायला लावा. हे त्रिकोणापेक्षा कितीतरी जास्त शिकवतं. त्रिकोण दाखवायचा तर दाखवा, परीक्षेत येऊ शकतो. पण प्रत्येक कथा त्यात कोंबायला लावू नका.

पात्राच्या बाबतीत मुलांची अडचण वेगळी. ती विशेषणं भराभर सांगतात: गुड, काइंड, ब्रेव्ह, क्लेव्हर. पुरावा मात्र देत नाहीत. वहीच्या पानाचे दोन भाग करायला सांगा. डावीकडे कथेतलं जसंच्या तसं वाक्य किंवा कृती, उजवीकडे त्यावरून आपला अंदाज. डावीकडे काही नसेल तर उजवीकडे लिहायला बंदी. बॉबनं हिऱ्यांनी मढवलेलं घड्याळ काढून वेळ पाहिली, यावरून काय वाटतं? श्रीमंत आहे, दाखवायला आवडतं. हजार मैलांवरून आलो म्हणतो, यावरून? शब्दाचा पक्का. जिमीबद्दल बोलताना त्याला प्रामाणिक पण जरा संथ म्हणतो, यावरून? मित्रावर प्रेम आहे, पण स्वतःला वरचढही समजतो. बघा, एकाच माणसाबद्दल तीन अंदाज निघाले आणि ते एका ‘गुड’ किंवा ‘बॅड’मध्ये मावत नाहीत. सपाट (एकाच गुणाची) आणि गोल (अनेक पैलूंची) पात्रं ही फॉर्स्टरचीच विभागणी इथे सांगता येईल, पण तिच्यावर फार वेळ घालवू नका. चिठ्ठी वाचून संपेपर्यंत बॉबचा हात थरथरू लागतो, एवढ्या एका वाक्याकडे मुलांना थांबवणं जास्त मोलाचं आहे.

संघर्षाचे प्रकार, म्हणजे माणूस विरुद्ध माणूस, निसर्ग, समाज आणि स्वतः, हे मुलं पाठ करतात आणि मग कथा एका खणात टाकून मोकळी होतात. या कथेत बॉब विरुद्ध पोलीस हा खण समोर दिसतो. पण खरा झगडा जिमीच्या मनात आहे आणि तो पानावर कुठेच दाखवलेला नाही. काडी विझली आणि जिमी दंडुका फिरवत निघून गेला, त्यानंतरच्या वीस-एक मिनिटांत त्याच्या मनात काय चाललं असेल? हे मुलांना लिहायला द्या. पाच-सहा ओळी, आधी मराठीत चालतील. मला वाटतं, या पूर्ण पाठातला सगळ्यात चांगला तास हाच असतो. जी मुलं एरवी कोरी वही परत देतात तीही इथे लिहितात, कारण मित्र आणि कर्तव्य यांच्यातली ओढ त्यांना घरीदारी रोज दिसते. वर्गमित्राचं नाव बाईंना सांगायचं की नाही, हा त्यांचा आठवड्यातून दोनदा येणारा प्रश्न आहे.

मुलांचं लिहून झालं की निवेदकाकडे वळा. तुमच्या पाच संज्ञांत हा घटक नव्हता, पण तो जोडा. विचारा: हीच कथा जिमीनं स्वतः सांगितली असती तर? मुलांनी नुकतंच त्याचं मन लिहिलेलं असतं, त्यामुळे उत्तर लगेच येतं: आपल्याला सगळं आधीच कळलं असतं आणि शेवटचा धक्का गेला असता. लेखक त्याला शेवटपर्यंत नुसता ‘पोलिसमन’ म्हणतो आणि नाव लपवतो. कोण सांगतंय आणि किती सांगतंय, याचं काम एवढ्यानं कळतं.

राहिली थीम, म्हणजे तुमची खरी डोकेदुखी. प्रत्येक गोष्टीला ‘ऑनेस्टी’ येण्यात मुलांचा दोष नाही. पहिल्यापासून आपण गोष्टीखाली तात्पर्य लिहून घेतो, मराठीच्या कथालेखनातही शीर्षक आणि तात्पर्य मागतो. त्यामुळे गोष्ट म्हणजे शेवटी उपदेश, अशी सवय लागते. तात्पर्य वाचकाला ‘असं वाग’ म्हणतं. थीम म्हणजे गोष्टीतून माणसांबद्दल काय दिसतं ते. हा फरक समजावायला ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ फार उपयोगी पडते, कारण इथे ‘ऑनेस्टी’ लावायला गेलं की ती मोडून पडते. बॉबनं दिलेला शब्द पाळला, हजार मैल आला, वेळेवर आला आणि त्यामुळेच पकडला गेला. न येता तर वाचला असता. मुलांना हे दाखवा आणि मग विचारा, आता तुमचं तात्पर्य कुठे बसवता? वर्गात खरी चर्चा इथे पेटते.

पद्धत अशी ठेवा: आधी एका शब्दात विषय, मग त्या विषयाबद्दल ही गोष्ट काय दाखवते याचं पूर्ण वाक्य, मग कथेतला पुरावा. मैत्री हा विषय झाला, थीम नव्हे. ‘मैत्री खरी असली तरी कर्तव्याच्या वेळी माणूस एकटा पडतो’ ही थीम झाली, आणि तिचा पुरावा चिठ्ठीत आहे. दुसरं मूल म्हणेल, ‘वीस वर्षांत माणसं बदलतात, पण सगळीच एका दिशेनं नाही.’ तेही चालेल, दोघांचे बदललेले मार्ग हा पुरावा. थीमला एकच बरोबर उत्तर नसतं, पण चुकीची उत्तरं असतात. ज्याला पुरावा नाही ते चूक. हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर ‘काहीही चालतं’ असा समज होतो.

ही मेहनत पुढे वाया जात नाही. बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे पात्र, कथानक, स्थळ-काळ, आशय यांवर प्रश्न असतात, आणि मुलं सारांशाची गाइडं घोकून ते लिहितात. नववीत ‘हे बदललं तर काय मोडेल’ असं विचारायची सवय लागलेलं मूल तिथे स्वतःचं दोन ओळींचं उत्तर लिहू शकतं.

कथालेखनातही याचा उपयोग आहे. दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट पूर्ण करा म्हटलं की मुलं सहलीचं वर्णन लिहितात: निघालो, पोचलो, जेवलो, आलो. भाषा बरी असते, पण गोष्टच नसते, कारण कुणाला काही हवंच नसतं. लिहायला बसण्याआधी कागदाच्या वर एकच ओळ लिहून घ्या: कुणाला काय हवं होतं, आड काय आलं, म्हणून त्यानं काय केलं. ती ओळ तुम्हाला दाखवल्याशिवाय पुढे लिहायचं नाही. साठ वह्यांतल्या एकेक ओळी तपासायला एक तासही लागत नाही, आणि पूर्ण झालेल्या साठ सहली तपासण्याचा त्रास वाचतो.

चाचणी बदलली नाही तर यातलं काहीच टिकणार नाही. तुम्ही व्याख्या विचारत राहिलात तर मुलं व्याख्याच पाठ करतील, आणि ते त्यांच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे. म्हणून व्याख्येचा प्रश्न काढूनच टाका. दीडशे-दोनशे शब्दांची न शिकवलेली छोटी गोष्ट द्या आणि दोन-तीन प्रश्न विचारा. यातली वेळ किंवा जागा बदलली तर कोणती घटना घडणार नाही? मुख्य पात्राला काय हवं आहे आणि आड काय येतं? तुमच्या मते गोष्ट काय दाखवते, कथेतलं एक वाक्य देऊन सांगा. गुण कारणाला द्या, स्पेलिंगचे वेगळे ठेवा. पहिल्या दोन चाचण्यांत कारण मराठीत लिहिलं तरी अर्धे गुण द्या. दुसऱ्या सत्रात ती सवलत काढून घ्या, तोवर फळ्याच्या कोपऱ्यातले चार साचे त्यांच्या हातात बसलेले असतात.

वेळेचं म्हणाल तर भोपळ्याला एक तास, ‘मग’ बंद करायला एक, ओ. हेन्रीच्या वाचनाला दोन आणि चर्चेला तीन एवढे धरा. अभ्यासक्रमाच्या घाईत सात तास जास्त वाटतील. पण पुस्तकातल्या पुढच्या प्रत्येक कथेला मग वेगळा ‘घटकांचा’ तास लागत नाही, तो वेळ भरून निघतो. शेवटचं काम घरी करायला द्या. आजी-आजोबांकडून किंवा गल्लीतल्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकून यायची, ती इंग्रजीत सहा वाक्यांत सांगायची, सहांपैकी निदान दोन वाक्यांत ‘बट’ आणि ‘सो’ हवेत, आणि ऐकणाऱ्या मुलांनी तिला ‘हे बदललं तर?’ असा एक प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारणाऱ्यालाही गुण ठेवा.